लाल पिशवीत पुन्हा सुई? छोट्या दवाखान्यात कारण कुठे शोधायचं

"सिस्टर, परत टोचलं."

सफाईच्या मावशींनी हातमोजा काढून अंगठा पुढे केला. रात्रीचे पावणेदहा वाजले होते, ओपीडी नुकतीच उरकली होती. लाल पिशवीचं तोंड बांधताना त्यांनी खालून हाताचा आधार दिला होता. आत उभी राहिलेली स्काल्प व्हेनची (बारीक नळी जोडलेली) सुई पिशवीतून आणि हातमोज्यातून आरपार आली. अंगठ्याच्या पेरावर मोहरीएवढा रक्ताचा थेंब होता. त्या थेंबापेक्षा मला त्यांचा "परत" हा शब्द जास्त लागला. चार महिन्यांतली ही तिसरी वेळ होती.

मी पुण्याच्या उपनगरातल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये इनचार्ज सिस्टर आहे. खाटा नाहीत. चार ओपीडी, एक इंजेक्शनची खोली, एक ड्रेसिंगची आणि रक्त घ्यायची एक छोटी खोली, एवढाच पसारा. पहिल्या दोन वेळी सगळेजण करतात तेच आम्ही केलं होतं. सगळ्यांना बोलावून पुन्हा प्रशिक्षण दिलं, भिंतीवर रंगीत तक्ता लावला, सह्या घेतल्या. पंधरा दिवस सगळं नीट चाललं. मग पुन्हा सुई.

तुमच्याकडेही असं होत असेल, म्हणजे लाल किंवा पिवळ्या पिशवीत सुया निघत असतील, बायोमेडिकल कचरा नेणारा गाडीवाला पिशवी परत करत असेल किंवा कुणाला टोचत असेल, तर नवा तक्ता छापायच्या आधी हे वाचा. आमच्याकडे सगळ्यांना रंग तोंडपाठ होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सिस्टरांनी सांगितलं असतं की सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज-नळ्यांचं प्लॅस्टिक लाल पिशवीत, रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत. अडचण माहितीची नव्हतीच, जागेची होती.

आधी टोचलेल्या माणसाकडे बघा

कारण नंतरही शोधता येतं. टोचल्यानंतरचे पहिले दोन तास मात्र परत मिळत नाहीत.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. पिळायची नाही, तोंडात धरायची नाही. स्पिरिट, डेटॉल, हायपोक्लोराइट काहीही चोळायचं नाही. आमच्या मावशींनी पहिल्या वेळी अंगठा दाबून दाबून रक्त काढलं होतं, कारण गावाकडे काटा रुतल्यावर तसंच करतात. त्यांना कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

मग वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं, उद्या सकाळी नाही. एचआयव्हीपासून बचावाची औषधं, ज्याला आपण पेप म्हणतो, शक्य तितक्या लवकर सुरू करायची असतात. शक्यतो पहिल्या 2 तासांत, आणि 72 तासांच्या आत तर नक्कीच. त्यानंतर त्यांचा उपयोग धरता येत नाही. कोर्स 28 दिवसांचा असतो. सुई कोणत्या पेशंटची हे माहीत असेल तर त्यांची संमती घेऊन तपासणी करता येते. पिशवीतली सुई असेल तर तीही सोय नसते, म्हणून पेप द्यायचं की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र) असलेल्या सरकारी रुग्णालयात हा सल्ला आणि औषधं मिळतात. पुण्यात ससून, मुंबईत जे. जे. किंवा केईएम. रात्री दहा वाजता कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून इंजेक्शनच्या खोलीत चिकटवून ठेवा. तो कागद शोधण्यात आमची वीस मिनिटं गेली होती.

भीती सगळ्यांना एचआयव्हीची वाटते. आकडे मात्र वेगळं सांगतात. बाधित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के असते. हेपॅटायटिस बीची मात्र, लस घेतली नसेल तर, 30 टक्क्यांपर्यंत जाते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. म्हणजे शुक्रवारी पिशवीत पडलेली सुई सोमवारीही तितकीच वाईट. आणि या आजारावर लस आहे. 0, 1 आणि 6 महिन्यांनी असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी.

इथे मला शरमेने लिहावं लागतंय. आमच्या सगळ्या सिस्टरांची, लॅबच्या मुलाची लस झालेली होती. मावशींची नव्हती. का, तर त्या कंत्राटदाराकडून आलेल्या, हजेरी त्याच्या वहीत, म्हणून आमच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. पगार कोण देतो हा प्रश्न तिथे येतच नाही. तुमची यादी आज काढून बघा. दवाखान्यात सगळ्यात शेवटी पिशवीला हात लावणाऱ्या माणसाचं नाव तिच्यात आहे का, एवढंच बघा.

पिशवी उघडून शोधू नका

सुई कुठून आली हे बघायला पिशवी उलटी करायचा मोह होतो. करू नका. चिमट्यानेही चाळू नका. त्यातून दुसरा माणूस टोचून घेतो, आणि सुई सापडली तरी ती कुणी टाकली हे कळत नाहीच.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक खोलीची पिशवी वेगळी ठेवली आणि ती डब्यात लावतानाच मार्करने तिच्यावर खोली आणि पाळी लिहिली: "इंजे. संध्या.", "ड्रेसिंग सकाळ". आधी सगळ्या खोल्यांतलं लाल एकाच मोठ्या पिशवीत जायचं, त्यामुळे चूक कुणाचीच नसायची. आता पिशवीच्या अंगावर सुई दिसली, किंवा गाडीवाल्याने तक्रार केली, तर निदान खोली तरी कळते.

दुसरी गोष्ट मी स्वतः केली, आणि खरं उत्तर तिथेच मिळालं. तीन संध्याकाळी, साडेसहा ते साडेआठ, मी वही घेऊन कोपऱ्यात उभी राहिले आणि फक्त सुईकडे बघत बसले. माणसाकडे नाही. सुई दंडातून बाहेर आल्यापासून डब्यात पडेपर्यंत कुठे कुठे जाते, मध्ये कुठे टेकते, किती हातांतून जाते, एवढंच लिहीत गेले. आधी सगळ्यांना सांगितलं होतं की कुणाची चूक काढायला मी उभी नाही. तसं सांगितलं नाही तर दोन तास सगळे आदर्श वागतात आणि तुम्हाला काहीच दिसत नाही.

निम्म्याहून जास्त सुया थेट डब्यात जात नव्हत्या. मध्ये कुठेतरी मुक्काम करत होत्या.

मुक्काम पहिला: ट्रे

आमचा हब कटर, म्हणजे सुई तिच्या तळाशी (हबपाशी) कापायचं यंत्र, खिडकीच्या कट्ट्यावर, ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) मागे ठेवलेला होता. आधी आमच्याकडे विजेवर चालणारा, सुई जाळणारा निडल बर्नर होता आणि त्याला प्लग तिथेच मिळत होता. बर्नर गेला, हाताने दाबायचा कटर आला, पण जागा तीच राहिली. इंजेक्शनच्या खुर्चीपासून ती नऊ पावलं होती. बाहेर रांग, कडेवर रडणारं बाळ, आई म्हणतेय, "सिस्टर, जरा बघा ना." अशा वेळी कुणीही नऊ पावलं जाऊन परत येत नाही. सिरिंज किडनी ट्रेमध्ये ठेवली जायची, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. वर कापसाचे बोळे. दहा-बारा जमल्या की ट्रे उचलून एकदम कटरपाशी. आणि त्या गर्दीत कापसाखाली दडलेली एखादी सुई कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत जायची, किंवा न कापलेली सिरिंज लालमध्ये.

उपाय एका दिवसाचा होता. कटर आणि पांढरा डबा खुर्चीच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, भिंतीला स्टँड ठोकून बसवला. डावखुऱ्या सिस्टरांसाठी ड्रेसिंगच्या खोलीत डावीकडे. आता सुई बाहेर आली की हात फक्त बाजूला वळतो. इंजेक्शन देणाऱ्याला पाऊल उचलायची गरज पडू नये, हीच मोजपट्टी धरा. शिवाय तो मुलांच्या हाताला येणार नाही इतका उंच आणि आतलं काय भरलंय हे दिसेल इतका खाली हवा. आमचा पहिला स्टँड जरा जास्तच उंच झाला होता. डबा भरल्याचं कुणाला दिसेना, म्हणून पुन्हा खाली घेतला.

याच जागी दुसरी सवय सुटली, टोपण परत लावायची. ट्रेमध्ये ठेवायची म्हणून सिस्टर सुईला टोपण लावत होत्या, एका हातात टोपण, दुसऱ्यात सिरिंज. टोचण्याचं हे एक नेहमीचं कारण. डबा हाताशी आला आणि टोपण लावायचं निमित्तच राहिलं नाही. एखाद्या वेळी लावावंच लागलं तर टोपण सपाट जागी आडवं ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची. दुसरा हात पाठीमागे.

मुक्काम दुसरा: कटरमध्ये न मावणाऱ्या सुया

हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. वही बघतानाच लक्षात आलं. साध्या सिरिंजच्या सुया आता डब्यात जात होत्या, तरी लाल पिशवीत सुया येतच होत्या. त्या सगळ्या चार जातींच्या होत्या: इन्सुलिनची सिरिंज, स्काल्प व्हेन, कॅन्युलातून (सलाईनसाठी शिरेत ठेवायच्या नळीतून) ओढून काढलेली सुई आणि रक्त घ्यायच्या व्हॅक्युटेनरची दोन्ही बाजूंनी टोकदार सुई. यांतली एकही हब कटरच्या भोकात नीट बसत नाही. कटर सिरिंजच्या हबसाठी बनलेला. सिस्टरांच्या डोक्यात मात्र "आधी कापायचं, मग टाकायचं" इतकं पक्कं बसलेलं, की जे कापता येत नाही त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ते प्लॅस्टिक म्हणून लालमध्ये.

इन्सुलिनच्या सिरिंजची सुई सुटी होत नाही, म्हणून ती अख्खी पांढऱ्या डब्यात. नियमच तसा आहे: सुई जोडलेली सिरिंज पांढऱ्यात. कॅन्युलाची सुई ओढून काढली की तीच सरळ पांढऱ्यात. स्काल्प व्हेनचा सुईचा भाग पांढऱ्यात आणि नळी लालमध्ये. त्यासाठी डब्याच्या स्टँडलाच एक कात्री साखळीने बांधून ठेवली आहे, नाहीतर कात्री शोधायला पुन्हा ट्रेचा मुक्काम होतो. व्हॅक्युटेनरची सुई होल्डरमधून हाताने पिळून काढायची नाही, कारण मागचं टोक रबराखाली लपलेलं असतं आणि फसवतं. डब्याच्या झाकणाला सुई अडकवून सोडवायची खाच असेल तर तिथे. नसेल तर होल्डर एकदाच वापरा आणि सुईसकट पांढऱ्या डब्यात टाका. होल्डर वाचवण्यासाठी बोट घालवू नका. साखर तपासायची लॅन्सेटही पांढऱ्यातच.

याचा एक साधा परिणाम होतो, तो आधीच धरून चाला: पांढरा डबा पूर्वीपेक्षा लवकर भरतो. अख्ख्या सिरिंज जागा खातात. आम्ही महिन्याला दोन डबे मागवत होतो, आता पाच लागतात. दुसऱ्या महिन्यात डबे संपले आणि एका नव्या सिस्टरने भरलेला डबा हलवून हलवून वर आणखी कोंबलं. नशिबाने निभावलं. पाऊण डबा भरला की बंद, आणि नवा डबा त्याच्या शेजारी आधीच तयार हवा. एका डब्यातून दुसऱ्यात ओतणं तर कधीच नाही. लेखाशाखेने "इतके डबे कशाला?" म्हणून विचारलं तर त्यांना एकदा संध्याकाळच्या ओपीडीत उभं करा.

मुक्काम तिसरा: डॉक्टरांची केबिन

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा हाडांचे डॉक्टर येतात. गुडघ्यात इंजेक्शन ते स्वतः, त्यांच्या केबिनमध्येच देतात. तिथे पांढरा डबा नव्हता. सर सिरिंज ट्रेमध्ये ठेवायचे, मावशी ट्रे उचलायच्या, बोळे पिवळ्यात झटकायच्या. सुई बोळ्यांखाली.

सरांना सांगायचं कसं, याचं सगळ्यांना दडपण होतं. मी वही घेऊन गेले आणि एवढंच म्हटलं, "सर, तुमच्या केबिनमधली सुई मावशींच्या हातून जाते. तिथे डबा ठेवू का?" ते काही बोलले नाहीत. डबा ठेवला, आणि त्याच दिवशी त्यांनी स्वतः त्यात सुई टाकली. सगळेच डॉक्टर इतक्या सहज ऐकतील असं नाही. पण गोष्ट अशी आहे की ज्याच्या हातून सुई अंगात गेली त्याच्याच हातून ती डब्यात जायला हवी, मग तो हात सिस्टरचा असो की सर्जनचा. सुई असलेला ट्रे खोलीबाहेर जाणार नाही, हा आमचा एकच नियम आता लेखी आहे.

सुई नसते, पण तशाच परत येणाऱ्या चुका

रक्त दिल्यावर पेशंट दंडावर बोळा धरून बाहेर येतात आणि जिन्याजवळच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकतात. तो डबा रोज सकाळी कचरा वेचक ताई घेऊन जातात आणि हाताने वेगळा करतात. आमच्याकडे रोज पंधरा-वीस बोळे त्यांच्या हाती जात होते आणि आम्हाला पत्ताही नव्हता. मी पाया पडून माफी मागायची बाकी होते. आता पेशंटला दोन मिनिटं तिथेच बसवतो आणि दाराच्या आतच पायाने उघडायचा पिवळा डबा ठेवलाय. पाटी लावून हे होत नाही, बाहेर पडायच्या आत डबा भेटायला हवा.

काचेच्या ॲम्पूलचा गोंधळ फार असतो. फोडताना मानेचा जो तुकडा उडतो तो टोकदार म्हणून काहीजण पांढऱ्यात टाकतात, आणि व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, लालमध्ये. दोन्ही चूक. काच निळ्या खुणेच्या डब्यात. पूर्वी कार्डबोर्डचा खोका चालायचा, पण औषधाच्या ओलीने त्याचा तळ सुटतो आणि उचलताना काचा पायावर पडतात. 2018 च्या दुरुस्तीनंतर न टोचणारा आणि न गळणारा डबाच लागतो. कुणाकडे अजून खोका असेल तर आजच बदला. कर्करोगाच्या औषधांच्या व्हायल मात्र या निळ्यात जात नाहीत, त्या पिवळ्यात, वेगळ्या.

हायपोची, म्हणजे जंतुनाशक हायपोक्लोराइटची, बादली आठवते का? सिरिंज आणि नळ्या तिच्यात भिजवायच्या, मग चाळणीने उपसून पिशवीत भरायच्या. मीही दहा वर्षं तेच केलं. आता अनेक दवाखान्यांचा कचरा घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे कचरा जात असेल तर प्लॅस्टिक आणि सुयांना इथे भिजवायची गरज नाही. तिथे ऑटोक्लेव्ह आहे. दवाखान्यातच आधी निर्जंतुक करायचं ते प्रयोगशाळेतलं: रक्ताचे नमुने, कल्चर, सूक्ष्मजीवांचा कचरा. बादली उपसताना होणारे टोचण्याचे प्रकार बादलीबरोबरच गेले. रक्त सांडलं तर मात्र हायपो हवंच, 1 टक्क्याचं. बाजारात 5 टक्क्यांचं द्रावण मिळालं तर एक भाग त्याचा आणि चार भाग पाणी, रोज ताजं बनवलेलं. कालचं फेकून द्या.

सिरिंजची वेष्टनं, औषधांचे खोके, सलाईनचं बाहेरचं प्लॅस्टिक यांना रक्त लागलेलं नसतं, ते साध्या सुक्या कचऱ्यात जायला हवं. "दवाखान्यातलं आहे, लालमध्ये टाका" असं केलं की पिशव्या दुप्पट, वजन दुप्पट, आणि मावशी पिशवी दाबून दाबून भरतात. दाबतानाच टोचतं.

गाडी येत नाही तेव्हा

शनिवारी रात्री नऊला पिशव्या बांधल्या, रविवारी गाडी नाही, सोमवारी सण, मंगळवारी अकराला गाडी. मोजा: 62 तास. नियमाप्रमाणे प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सुट्ट्यांचं कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन बसा आणि अशा जोडून आलेल्या सुट्ट्यांसाठी केंद्राशी आधीच लेखी ठरवा. फोनवर "हो हो, पाठवतो" मिळतं आणि सणाच्या दिवशी फोन लागत नाही. ठरलेल्या वेळी गाडी आली नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवणं हेही आपलंच काम आहे. आपलीच चूक उघडी पडेल म्हणून दवाखाने कळवत नाहीत. उलट ईमेल करा. कचरा का राहिला, कुठे कुलपात ठेवला, कुणाला कळवलं, हे लेखी असलं की तपासणीला आलेल्या माणसाशी बोलता येतं.

पिशव्या देताना बारकोड आणि वजन गाडीवाल्यासमोर वहीत उतरवा, नंतर आठवून नाही. नोंदी 5 वर्षं ठेवायच्या असतात. टोचल्याच्या घटनांचीही नोंद ठेवा. 30 जूनपर्यंत द्यायच्या वार्षिक अहवालात अपघातांचा रकाना असतो, आणि बहुतेक दवाखाने तिथे डोळे मिटून शून्य लिहितात. आम्हीही लिहिलं होतं. शून्य लिहिलं की डब्याची जागा बदलायला, लस द्यायला, डबे जास्त मागवायला पैसे मागायचा आधारच जातो. या वर्षी आम्ही तीन लिहिले. कुणी दंड केला नाही.

पिशवीचं पुढे काय होतं हे एकदा दाखवा

प्रशिक्षण वर्षातून एकदा द्यावंच लागतं. ते घ्या, पण रंगांचा तक्ता वाचण्याऐवजी पिशवीचा पुढचा प्रवास सांगा. लाल पिशवी 121 अंशांवर तासभर ऑटोक्लेव्हमध्ये राहते, मग प्लॅस्टिक श्रेडरमध्ये तुकडे होऊन पुनर्वापराला जातं. मध्ये ती माणसंच उचलतात आणि रिकामी करतात. पिवळी भट्टीत जळते. म्हणून पिवळ्यात प्लॅस्टिकचं सलाईन टाकलं की ते जळून त्याचा धूर कुणाच्या तरी वस्तीवर जातो. सुई न कापता सिरिंज बाहेर गेली तर काय होऊ शकतं हे गुजरातेत मोडासा भागात 2009 साली दिसलं. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि हेपॅटायटिस बीच्या साथीत कितीतरी माणसं गेली. हे ऐकताना आमची लॅबमधली मुलं गप्प झाली होती. त्यानंतर कुणाला कटर का वापरायचा हे समजावून सांगावं लागलं नाही.

एवढं करूनही सुई आलीच तर

येते. आमच्याकडे सहा महिन्यांनी एकदा आली. पिशवीवर "ड्रेसिंग सकाळ" लिहिलेलं होतं, म्हणून अर्ध्या तासात कारण कळलं. पांढरा डबा भरला होता, नवा वरच्या मजल्यावर कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, मी रजेवर. डब्यांचं कपाट आता कुलूपबंद नाही.

शोधताना याच क्रमाने जा: डबा हाताशी होता का, भरलेला होता का, त्यात न मावणारी सुई होती का, नवं माणूस रुजू झालं होतं का, सुई दुसऱ्या कुणी वापरून तिसऱ्याच्या हाती दिली होती का. माणसाच्या निष्काळजीपणाचा प्रश्न सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत आम्हाला अजून एकदाही जावं लागलेलं नाही. ज्याने टाकली त्याला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी मावशी टोचल्याचं सांगणारच नाहीत. आमच्या मावशींनी पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं होतं, पगार कापतील या भीतीने. इतक्या उशिरा कळल्यावर आम्ही घाबरलो होतो, आणि घाबरायलाच हवं होतं.

एक काम अजून अर्धवट आहे, ते लिहून थांबते. घरी इन्सुलिन घेणारे आमचे पेशंट सुया घरच्या कचऱ्यात टाकतात आणि त्या कचरा वेचकांच्या हाताला लागतात. आम्ही त्यांना शाम्पूच्या किंवा फिनेलच्या जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या वापरायला सांगतो. सुया त्यात टाकायच्या, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद करायचं आणि पुढच्या तपासणीला येताना आमच्याकडे आणून द्यायची. पाण्याची पातळ बाटली नको, ती टोचून फुटते. गेल्या महिन्यात एक आजोबा पिशवीत जपून दोन बाटल्या घेऊन आले, वर्षभराच्या. बाटलीवर त्यांनी पेनने लिहिलं होतं, "जपून, सुया आहेत."